पोरं शाळेत आणायची म्हणजे...

मास्तरकी सोडून वर्षं झाली. पण आम्ही जुने शिक्षक भेटलो की किस्से असे निघतात, की पुढ्यातला चहा गार होतो! आज हसतो. तेव्हा मात्र डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं.

खापरजवळच्या एका गावात आमची शाळा. शिक्षक दोनच, मी आणि हेडमास्तर नाना. पोरं हुशार, पण घरात खायची मारामार, त्यामुळे पोर जरा हाताशी आलं की कामाला!

*

वरून हुकूम आला, गरीब मुलांना दूध द्या. पावडरीची पोती आली, पातेलं आलं नाही! विचारलं, तर उत्तर : "त्यासाठी वेगळा अर्ज करा."

तोवर पोरांनी काय करायचं? नानांनी कोरडी पावडरच तळहातावर दिली. नेमके त्याच दिवशी तपासणीला डिप्टीसाहेब! सगळ्यांची तोंडं पांढरी बघून एकदम खूश.

"वा! इथली मुलं दंतमंजन वापरतात वाटतं!"

*

शेळ्या राखायच्या म्हणून अर्धा वर्ग गैरहजर. वैतागून मी म्हटलं, "शेळ्या घेऊनच या!" तर खरंच आल्या!

एक थेट वर्गात घुसली आणि भिंतीवरचा मुंबई राज्याचा नकाशा चघळू लागली. मी ओरडलो, "नाना, हिनं अख्खा गुजरात खाल्ला!"

महाराष्ट्र नुकताच वेगळा झाला होता. नाना शांतपणे म्हणाले, "असू द्या गुरुजी, तो तसाही गेलाच आहे."

*

मिरचीच्या हंगामात पोरी आयांबरोबर देठं खुडायला जात. दुपारी शाळेत आल्या तरी नशीब! एकदा डिप्टीसाहेबांचं शिक्षणाच्या महत्त्वावर लांबलचक भाषण चाललं होतं. पुढ्यात बसलेली जमुना घळाघळा रडतेय! साहेब गहिवरले.

"बघा, किती लागलं मुलीच्या मनाला!"

"मनाला नाही साहेब," नाना म्हणाले, "डोळ्यांना. मिरचीच्या हातांनी चोळलेत तिनं."

*

ही जमुना चौथीत, वर्गात पहिली. एकाएकी यायचीच बंद झाली. आई मजुरीला जाऊ लागली आणि तान्हा भाऊ हिच्या गळ्यात पडला. मी घरी गेलो, तर बाप म्हणाला, "गुरुजी, ती शायमा उनी ते पोऱ्याले कोन देखी?"

ती शाळेत आली तर पोराला कोण बघणार! मला असा संताप आला! कुणावर, तेही कळेना. तोंडातून निघून गेलं, "मी बघतो!"

दुसऱ्या दिवसापासून जमुना शाळेत, तान्ह्यासकट.

एके दिवशी नाना रजेवर होते आणि पोराचं रडं थांबेना. "जमुना, तू पाढे घे," म्हणालो आणि त्याला खांद्यावर टाकून बाहेर निंबाखाली फेऱ्या मारू लागलो. सदरा पार भिजलेला! तेवढ्यात डिप्टीसाहेब आले. कुणी गावकरी समजून माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ वर्गात शिरले.

जमुना फळ्याकडे तोंड करून उभी. पाठीमागे पावलं वाजली, तशी न वळताच कडाडली, "इतला उशीर काब व्हयना? मांगे बठ!"

मी पोराला घेऊन खिडकीशी धावलो.

साहेब टोपी काढून सगळ्यांच्या मागे मांडी घालून बसले होते आणि पोरांबरोबर म्हणत होते, "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..."