मुऱ्हाळ्याची खुर्ची

चाळीसगावच्या जिनात रुईची गठाण ह्यांच्या पाठीवर कोसळली आणि कमरेखालचा माणूस गेला. वरचा उरला, तो पूर्वीपेक्षा दुप्पट तापट. शेजारचे दोघे उचलून ओट्यावर आणायचे तेव्हा हे ओरडायचे, "मी काय जवारीनं पोतं शे का?" मी तरी कुठली गप्प बसणार! म्हणायची, "पोतं बरं, ते बोलस नही." मग हसायचे. हसून झालं की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

माझी नणंद भडगावला दिलेली. ह्यांची एकुलती एक बहीण. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणीला आणायला भावानंच मुऱ्हाळी होऊन जायचं असतं. पहिल्या वर्षी आम्ही चुलतभावाला पाठवलं, तर तिच्या सासऱ्यानं त्याला पाणी पाजून परत लावलं. "सख्खा भाऊ ई, तवयच धाडसूत." सख्खा भाऊ खाटेवर पडलाय, तो न्यायला येणार कसा, हे त्या मेल्याला ठाऊक नव्हतं थोडंच! अपघातानंतर बहिणीनं भावाला एकदाही पाहिलं नव्हतं. त्या आखाजीला ह्यांनी घास गिळला नाही. पुढच्या आखाजीला मीच जाईन, एवढंच बोलले.

आणि खरंच कामाला लागले. गावच्या सुतारानं बाभळीची खुर्ची केली, तिला दोन बाजूंना चाकं, चाकांवर बैलगाडीला असते तशी लोखंडी धाव. घरच्या छकड्याची मागची फळी बिजागरीवर बसवली. सोडली की जमिनीला टेके, तिच्यावरून खुर्ची वर लोटायची आणि दोरखंडानं आवळायची. अडला तो उंबरठा. हे म्हणाले, कापून टाका. सासूबाई आडव्या पडल्या. "उंबरठा तोडा तं लक्ष्मी निंघी जाई!" लक्ष्मी! आमच्या घरात ती बसली होती तरी कुठे, ते मला कुणी दाखवावं.

शेवटी उंबरठा तसाच ठेवून आतून-बाहेरून मातीचा उतार घातला. मुरूम टाकून चोपून घट्ट केला. हे रोज त्यावर चढायचे, निम्म्यावरून मागे यायचे, पुन्हा चढायचे. मी हात लावायला गेले की खेकसायचे. एका दुपारी घामानं निथळत बाहेर आले आणि ओट्यावर उन्हात बसून राहिले. मला रडू आलं. "काय मयत व्हयनं का?" म्हणाले, पण त्यांचेही डोळे भरले होते.

निघायचा दिवस आला. मी आत शिदोरी बांधत होते. छकडा दारात जुंपून उभा. नवा फेटा बांधून हे खुर्चीत बसले. सासूबाईंच्या आनंदाला पारावार नव्हता. लेक दोन वर्षांनी घराबाहेर पडत होता, तोही बहिणीला आणायला. शुभ कामाला निघालेल्याची वाट सारवलेली हवी, ही रीतच. त्यांनी पहाटेच अंगण सारवलं आणि शेवटी, अगदी निघायच्या वेळेला, उतारावर शेणाचा हात फिरवला. वर रांगोळीची दोन बोटं ओढली.

ओल्या शेणावर लोखंडी धाव. मला नुसता आवाज ऐकू आला.

बाहेर आले तर खुर्ची उलटी, हे ओट्याखाली दगडाशी पडलेले. म्हणे, "काही लागनं नही. बैल सोडू नका. माले गाडीमा टाका." खरंच काही दुखत नव्हतं त्यांना, कमरेखाली दुखणार तरी काय? मी धोतर सारखं करायला वाकले तेव्हा दिसलं, मांडी भलतीकडेच वळली होती. हाड मोडलं होतं आणि ज्याचं मोडलं तो मला घाई करत होता, ऊन होई, निंघू द्या.

बैल सोडले. सासूबाई शेणाचे हात तसेच घेऊन बसून राहिल्या. मला त्या बाईचा इतका राग आला की तोंडाला येईल ते बोलले. अजून येतो राग. आणि कीवही येते, काय करू?

हाडवैद्यानं काड्या बांधल्या. खाली जखम चिघळली, ती ह्यांना कळली नाही आणि आम्हाला कळली ती वासावरून. ताप चढला की विचारायचे, भडगाव आलं का? मी म्हणायची, आलंच बघा.

आखाजी झाली, झोके उतरवले, पोरी सासरी परत गेल्या, आणि मग ह्यांचा जीव गेला. भडगावला माणूस निरोप घेऊन गेला. संध्याकाळच्या आत नणंद दारात उतरली. सासऱ्यानंच गाडी जुंपून दिली होती. मुऱ्हाळी कोण आलाय, हे या वेळी त्यानं विचारलं नाही.