टोमॅटोची सुरगाठ

गेल्या मंगळवारी सकाळी सात वाजता माझ्या गॅलरीतल्या टोमॅटोच्या रोपाचा गळा आवळलेला सापडला. आरोपी मीच. वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्याने मी ते काठीला करकचून बांधलं होतं. रोप वाढलं, पट्टा काही सैल झाला नाही. तो खोडात रुतला. एकदा आवळला की कापूनच टाकायचा, अशी ही वस्तू. आणि प्लास्टिकविरोधाची पत्रकं गल्लीभर वाटते कोण, तर मी!

शेजारच्या मालतीकाकू कठड्यावरून म्हणाल्या, "अगं, रोप बांधलंयस की चोर?" मग जुन्या सुती साडीच्या चार पट्ट्या दिल्या. "सुरगाठ मार, ओढली की सुटणारी. मधे बोट शिरेल एवढी जागा ठेव. आणि हंगाम संपला की धुऊन परत दे हो, माझ्या कारल्याला लागतात."

मान टाकलेल्या रोपाला मी सुरगाठी मारत बसले. माणसांना मात्र मी निरगाठीच मारत आले. सभेला का आला नाहीस, फोन का उचलला नाहीस, प्रत्येकाला जाब विचारला. आता रविवारी पत्रकं वाटायला मी एकटीच असते आणि घरीही कुणी वाट पाहत नाही. काकू निदान पट्ट्यांची वाट पाहतील. एवढ्यावर दिवसभर बरं वाटलं, याचीच चीड आली.

तुमच्या रोपांचे पट्टे आजच कापा. एक जुनी साडी फाडा. दोन पट्ट्या शेजारच्या दारात देऊन या, आणि त्या परत मागा.