कपाटातला फेटा

काल आमच्या पेठेचा फुटबॉल संघ पुन्हा हरला. मैदान रिकामं झालं, तरी आमचे प्रशिक्षक गोलपाशी एका खेळाडूला वळताना पाय कुठे टाकायचा ते दाखवत होते. तो संघ चालवणाऱ्या तालमीच्या अध्यक्षांचा पुतण्या. त्याला एवढ्यात उतरवू नका, असं प्रशिक्षक सामन्याआधी सांगत होते. अध्यक्षांनी त्यालाच पुढे खेळवलं.

बाहेर चहाच्या गाड्यावर तेच अध्यक्ष म्हणत होते, "मास्तर कुचकामी हाय. हंगाम संपायची वाट कशाला बघायची? उद्याच हाकला." भोवतीच्या माना डोलल्या. ज्यांना ऑफसाइड अजून कळत नाही, त्यांच्या सगळ्यात आधी.

याच मंडळींनी हंगामाच्या सुरुवातीला प्रशिक्षकांना तयार फेटा घालून हलगीच्या तालावर मिरवलं होतं. मिरवणूक संपताच फेटा तालमीच्या कपाटात परत गेला. आपल्याकडे माणसाला डोक्यावर घेण्याची हौस दांडगी; त्याचं ऐकायचं म्हटलं की मात्र सगळ्यांना कमीपणा वाटतो.

"नव्या मास्तरचा सत्कार करायला लागणार," कुणीतरी म्हणालं.

"फेटा हाय की मागचा," अध्यक्षांनी चहाचा घोट घेतला. "कुणाच्याबी डोक्याला बसतोय."