ऑपरेशनच्या आधी अप्पांना कडक काहीतरी खायचं होतं

ठाणे-डोंबिवलीला कोणी खास जेवायला जातं का, असं या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना वाटेल. एरवी मी घाटवाटा आणि किल्ल्यांबद्दल लिहिते आणि जेवणाचा विषय शेवटच्या दोन ओळींत उरकते. या वेळी एकही किल्ला चढले नाही. फक्त जेवले, आणि तेही वडिलांसोबत.

झालं असं, की अप्पांच्या तोंडात उजवीकडे गाठ निघाली. अप्पा एसटीचे ड्रायव्हर. फलटण-ठाणे गाडी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली आणि स्टिअरिंगवर डोळा लागू नये म्हणून गालात तंबाखू धरली. ऑपरेशनही ठाण्यातच ठरलं. खालच्या जबड्याचा एक भाग दातांसकट काढावा लागणार होता. गुरुवारी तपासण्या संपल्या आणि ऑपरेशनला सोमवार मिळाला. निघताना डॉक्टर म्हणाले, "तिखट टाळा. बाकी जे आवडतं ते तेवढ्यात खाऊन घ्या. नंतर चावून खाणं बहुतेक जमणार नाही."

मी म्हटलं, घरी जाऊन येऊ. अप्पा म्हणाले, "घरी जाऊन काय करू? सगळा गाव तोंड बघाय येईल आन् दूधभात चारंल. हितंच ऱ्हाऊ. ठाणं मला पाठ हाय." आई रविवारी संध्याकाळी येणार होती. मग खोपटच्या एसटी डेपोजवळ लॉज घेतला. स्वच्छ आहे, गरम पाणी सकाळीच येतं, आणि गाड्यांचे हॉर्न ऐकल्याशिवाय झोप येत नाही असं कुणी तुमच्याबरोबर असेल तर याहून चांगली जागा नाही.

शुक्रवारी सकाळी अप्पा मला त्यांच्या काळच्या भजीच्या हॉटेलात घेऊन निघाले. डेपोच्या बाजूच्या गल्लीत ते छाती काढून चालत होते. हॉटेलच्या जागी मोबाईलचं दुकान निघालं. अप्पांनी आत जाऊन सरळ विचारलं, "हितली भजी कुठं गेली?"

"काका, मी आल्यापासून इथे मोबाईलच आहेत," दुकानदार म्हणाला. "कव्हर दाखवू?"

मग सूत्रं मी हातात घेतली. एका एसी हॉटेलात नेलं, पेशंटला सोसेल म्हणून मुगाची खिचडी आणि दहीभात मागवला, खिचडीवर तूपही घातलं. अप्पांनी दोन्ही ताटल्या बोटाने माझ्याकडे सरकवल्या.

"नंदे, हे तर सोमवारपासनं जन्मभर खायचंच हाय की. आता मला कडक काहीतरी दे. कुडुमकुडुम वाजलं पायजे."

मला माझीच लाज वाटली. इतके दिवस मी त्यांच्या चवीची काळजी करत होते. चव तर राहणारच होती. जाणार होते ते दात, आणि त्यांना शेवटचं दातांनी जेवायचं होतं. तेव्हापासून आमच्या सहलीला दोनच नियम झाले: तिखट नको आणि मऊ नको. करून बघा, भलतं अवघड आहे. कुरकुरीत म्हणून जे जे मिळतं त्यावर लाल तिखट भुरभुरलेलं असतं.

ठाण्यात आलात तर मिसळ खाल्ल्याशिवाय जाऊ नका, म्हणून दुपारी मिसळीच्या दुकानात शिरलो. मी तर्रीवाली मागवली. अप्पांनी मागितलं नुसतं फरसाण, त्यातली लाल शेव वगळून.

"काका, नुसतं फरसाण मेनूत नाहीये," वेटर म्हणाला.

"मिसळ आण, फकस्त रस्सा आन् मटकी तुझ्याकडंच ठेव."

वेटर हसत आत गेला आणि बशीभर कोरी गाठी आणि पापडी घेऊन आला. अप्पांनी डावीकडच्या दातांनी एकेक तुकडा शांतपणे फोडून खाल्ला. संपल्यावर त्यांनी वेटरकडे बघून एक बोट वर केलं. हॉटेलात 'अजून एक' मागायची ही त्यांची जुनी पद्धत, हाक कधी मारत नाहीत. दुसरी बशी आली. माझ्या नाकातोंडातून तर्रीचं पाणी वाहत होतं आणि अप्पा माझ्यावर हसत होते.

संध्याकाळी रिक्षाने खाडीपूल ओलांडून कळव्याला गेलो. तिथे एका आगरी बाईंची खाणावळ आहे. चारच टेबलं, आठच्या आत पोचलात तर मासळी मिळते. मी बिनमसाल्याचे, नुसतं मीठ-हळद लावून रव्यात तळलेले बोंबील सांगितले. अप्पांनी एक चावला आणि तक्रार केली, "ही फसवणूक हाय. वरनं कडक, आत लोणी."

बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ओला बोंबील असाच असतंय. करक पायजे त सुका भाजून देतंय. तुजा बापूस का गो?" आगरी बोलीत अहो-जाहोची फारशी भानगड नसते. मी हो म्हटलं, आणि मऊ का नको ते अप्पांनीच सांगून टाकलं.

बाईंनी विचारलं, "तंबाकू खाल्लीस ना?"

"खाल्ली."

"मंग रं? कोनी सांगलं व्हतं?"

मी दचकले. गाठ निघाल्यापासून आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आईने नाही, मी नाही, भावाने नाही. सगळे अप्पांशी विषय टाळत, जपून बोलत होतो. अप्पा मात्र खो-खो हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बाईंनी सुके बोंबील विस्तवावर भाजून, ठेचून, तांदळाच्या भाकरीबरोबर आणून ठेवले. मीठ झोंबलं असणार, तरी अप्पांनी काटासुद्धा ठेवला नाही. जेवण झालं तरी पाणी पीत बराच वेळ बाईंशी माशांच्या भावावर गप्पा चालल्या होत्या. कित्येक दिवसांत ते इतकं बोलले नव्हते.

शनिवारी कल्याण. अप्पांच्या हट्टाने एसटीनेच, भिवंडीमार्गे. रस्त्याची कामं चालू आहेत, धूळ आहे, घाईत असाल तर हा मार्ग घेऊ नका. अप्पा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि त्याने गिअर बदलला की प्रत्येक वेळी त्यांचा डावा पाय हलायचा. बाजारपेठेजवळच्या एका उडपी हॉटेलात आम्ही पेपर डोसा मागवला. डोसा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आला. वेटरने सांबाराची वाटी पुढे केली तशी अप्पांनी हाताने अडवली. "नको, भिजंल."

अर्धा डोसा झाला आणि ते थांबले. गालाला हात लावून उठले, बेसिनकडे गेले, बराच वेळ चुळा भरत राहिले. मी डोशाकडे बघत बसले. तो हळूहळू नरम पडत होता. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"दुखतंय का?"

"दुखतंय. पर त्याचं काय नाय." मग म्हणाले, "नंदे, म्या ड्युटीवर आयुष्यभर एकटा जेवलोय. डबा मांडीवर, तोंड गाडीकडं. रिटायर झालो तवा म्हटलं, आता घरात समद्यांच्या पंगतीत बसून खायचं. आता मला नळीनं पाजाल. येगळ्या खोलीत, दार लावून. पंगतीत बसवाल का मला?"

"बसवू की, अप्पा."

"बघ हां."

ऑपरेशनची, मरणाची भीती असेल असं मी धरून चालले होते. त्यांना भीती होती ती ताटावरून उठवले जाण्याची. मला तिथेच रडू आलं, आणि वेटरने काही न विचारता कागदी रुमालांचा डबाच पुढे सरकवला.

रविवारी डोंबिवली. टॅक्सीने शिळफाट्यावरून गेलो. तिथल्या एका थाळीच्या हॉटेलात रविवारी दुपारी रांग असते, बारापूर्वी गेलात तर लगेच बसायला मिळतं. गल्ल्यावर पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, बोलणं अगदी पुस्तकी. थाळीत आळूची भाजी, बटाट्याची भाजी, वरणभात, पुऱ्या, श्रीखंड आणि प्रत्येकी एक भाजलेला उडदाचा पापड. अप्पांनी बाकी थाळी तशीच ठेवून पापड खाल्ला आणि बोट वर केलं. दुसरा आला. पुन्हा बोट. शेवटी गल्ल्यावरच्या बाई स्वतः आल्या.

"आपल्याला जेवण आवडलं नाही का?"

"लई ब्येस हाय. पर मी पापडच खायला आलोय."

बाई आत वळून म्हणाल्या, "पाच नंबरला पापड कमी पडू देऊ नका."

हॉटेल तोवर गच्च भरलं होतं. अप्पांनी अचानक माझा हात धरला. "आयकतीस का? समदं हॉटेल वाजतंय." मी कान दिला. खरंच, प्रत्येक टेबलावर कुणी ना कुणी पापड मोडत होतं. इतकी वर्षं हॉटेलांत जेवते, हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. अप्पा डोळे मिटून ऐकत होते आणि चावत होते.

सोमवारी ऑपरेशन झालं, व्यवस्थित झालं. काही आठवड्यांनी आम्ही फलटणला परतलो. नाकातली नळीही पुढे निघाली. आता अप्पा पेज, सूप, मिक्सरमधून काढलेलं वरण असं घेतात. बोलणं जड झालंय, पण घरच्यांना कळतं.

त्या भागात जाणार असाल तर जरूर जेवा. तिन्ही दिवस दोघांचं जेवण माझ्या घाटातल्या एका मुक्कामापेक्षा स्वस्त पडलं. चव मात्र विचारू नका, मला नीट सांगता येणार नाही. माझ्याकडे उरलेत ते आवाज.

आणि उरलं ते अप्पांना दिलेलं वचन. आम्ही त्यांना पंगतीत बसवलं, अगदी मधोमध. पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून आम्हीही सगळे मऊच जेवायला लागलो. चिवड्याचा डबा आईने माळ्यावर टाकला. कांदा बंद, काकडी बंद, भावाची मुलं फरसाण मागच्या अंगणात जाऊन खायची. जेवताना घरात चमच्यांशिवाय आवाज नव्हता. असं पंधरवडाभर चाललं. एक दिवस दुपारी अप्पांनी स्टीलचा पेला ताटावर आपटला.

"पापड," ते म्हणाले. "भाजा. मला आयकू तरी येऊ द्या."

मग आई उठली. तिने गॅसवर पापड भाजले, सगळ्यांच्या ताटात वाढले, आणि स्वतःचा हातात घेऊन अप्पांच्या शेजारी बसली. त्यांच्या डाव्या कानाजवळ नेऊन तिने तो मोडला.

अप्पांनी डोळे मिटले. मग एक बोट वर केलं.