तुकडा गावाबाहेर जात नाही

वाचलेलं पुस्तक मी सहा महिन्यांत विसरते. नायकाचं नावसुद्धा आठवत नाही. पण त्या पुस्तकावरून आमच्यात जुंपलेली भांडणं मात्र शब्दन् शब्द लक्षात राहतात. कोण कोणाला काय बोललं, कोण रागानं उठून गेलं, कोण चहा आला म्हणून परत बसलं, सगळं! असे इतके किस्से साचलेत की आता पुस्तकांऐवजी त्यांनाच एक कपाट करावं लागेल.

आम्ही म्हणजे चौघं. मारेगावात माझं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे, तिथं रविवारी संध्याकाळी जमतो. गौतम एसटीत कंडक्टर आहे. शालूताईची गावाला लागूनच कपाशी-तुरीची शेती. ती वावरातून थेट येते, चपलेची माती माझ्या पायरीवर झटकून. आणि चौथे डोमाजीकाका. त्यांनी जन्मभर पुस्तकं आणि रजिस्टरं बांधली. बाइंडिंगचं दुकान कधीच बंद झालं, पण दाभण आणि दोरा अजून त्यांच्या पिशवीत असतो.

चौघांत पुस्तक एकच यायचं. एकदा नवी विज्ञान कादंबरी कोणी आधी न्यायची यावरून गौतम आणि शालूताई हमरीतुमरीवर आले. काकांनी शांतपणे पुस्तक ओढलं, शिवण सोडवली आणि चार भाग करून आमच्यापुढं ठेवले.

मी किंचाळलेच. "काका, पुस्तक फाडलं तुम्ही?"

"फाडलं नाही बाई, उसवलं! फाडणारा अलग, उसवणारा अलग. चौघांचं वाचून झालं का शिवून देतो, पह्यल्यापेक्षा मजबूत."

तेव्हापासून हीच रीत. चार भाग, चार चिठ्ठ्या. ज्याला पहिला भाग लागला त्याची चैन, बाकीच्यांनी मधूनच उडी मारायची. मग भाग अदलाबदल करत पुस्तक पुरं करायचं.

*

काळप्रवासाची कादंबरी आली तेव्हा गौतमला चिठ्ठीत तिसरा भाग लागला. मग त्यानं पहिला वाचला, मग चौथा, आणि शेवटी दुसरा. आम्ही तिघं डोकं धरून बसलो होतो. नायक आधी म्हातारा, मग तरुण, मग स्वतःच्याच आजोबांशी भांडतोय! शालूताई तर म्हणाली, "लेखकालेच समजलं नसंन!"

गौतम मात्र खूश. त्याला सगळं कळलं होतं.

"अरे पण तुले समजलं कसं?" काकांनी विचारलं.

"त्यात काय समजाचं हाय? तो मेला ना, तवाच मले वाटलं होतं, हा आता जन्माले येईन!"

*

मंगळावरच्या वसाहतीची गोष्ट शालूताईनं एका दमात वाचली. काचेचा मोठा घुमट, आत हिरवी शेती, मोजून मिळणारं पाणी. रविवारी आली ती तोंड पाडूनच.

"काहून, आवडली नाही का?" मी विचारलं.

"पुस्तक भारी हाय. पण ह्याले विज्ञान म्हणू नका. पिकात रोही नाही, रानडुक्कर नाही, मोटारीले रातची लाइन नाही! हा स्वर्ग हाय स्वर्ग!"

तिचा नवरा तिला न्यायला आला होता, गाडीवर बसल्याबसल्या ऐकत होता. तो कधी पुस्तकाला हात लावत नाही. त्याला विचारलं, "भाऊ, तुम्ही जाल का मंगळावर?"

त्यानं खरोखर विचार केला. "जाईन ना. पण आधी सांगा, सातबारा कोणाच्या नावानं राह्यते?"

यावर कादंबरीत एक ओळसुद्धा नव्हती. मी पुन्हा सगळे भाग चाळून पाहिले.

*

मधे तोंडाला चव म्हणून एक खुनाची कादंबरी घेतली. गौतमचा स्वभाव असा की प्रवाशांच्या छत्र्या, डबे, एकदा तर पिशवीतली जिवंत कोंबडीसुद्धा त्यानं जपून मालकाला परत केलेली. त्याच गौतमनं चौथा भाग यवतमाळच्या फेरीत बसमध्ये ठेवला आणि कोणी वाचायच्या आधीच विसरला! म्हणजे आमचा खुनी गेला. यवतमाळात कोण्या अनोळखी माणसाला तो माहीत होता आणि आम्हाला नाही.

आम्ही आपापला खुनी धरला. काकांचा वकिलावर संशय, शालूताईचा विधवेवर, गौतमचा आणि माझा माळ्यावर. महिनाभर दुकानात दुसरा विषय नाही. शेवटी हात वर करून मतदान झालं आणि माळी बहुमतानं खुनी ठरला.

पुढं मला यवतमाळच्या एका वाचनालयात तेच पुस्तक अखंड सापडलं. मी उभ्याउभ्या शेवट वाचला आणि रविवारी मोठ्या ऐटीत सांगायला गेले, तर तिघांनी एकदम हात वर केले.

"सांगू नका! आमच्या इथं निकाल लागला हाय!"

त्या दिवशी काकांनी मंडळाचा एकुलता एक नियम केला: तुकडा गावाबाहेर जात नाही. वाचायचा तर मारेगावात बसून वाचायचा. गौतमनं ड्यूटीचं कारण सांगून पाहिलं, पण काका ऐकायला तयार नव्हते.

*

मग आली यंत्रमानवाची गोष्ट. एकट्या म्हाताऱ्याची काळजी घेणारं यंत्र. सकाळी उठवतं, गोळ्या देतं, चालताना धरतं, आणि हळूहळू त्याला घराबाहेरच पडू देत नाही. गौतम म्हणाला, वाचून अंगावर काटा आला. मलाही आला होता.

काका मात्र हसत होते. "भ्यायचं काय त्यात? हा तर माहा नितीन हाय! रोज आठ वाजता फोन. बाबा, गोळी घेतली का? बाबा, पायऱ्या उतरू नका. ह्या यंत्रात अन् त्याच्यात फरक एवढाच, यंत्राले बायको नाही!"

आम्ही खो खो हसलो. मग काकाच हळूच म्हणाले, "न्याले येतो म्हणते. पुण्याले."

नितीन त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. काकू गेल्यापासून काका एकटेच राहतात. त्यात थंडीत न्हाणीत घसरून पडले. शेजाऱ्यांना कळेपर्यंत बराच वेळ तसेच पडून होते. नितीनचं काय चुकत होतं? माझे वडील असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण खरं सांगते, काका जायला नको होते मला. त्यांनाही जायचं नव्हतं, फक्त पोराला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येत होतं.

"त्याले म्हटलं, हातातलं पुस्तक होऊ दे. मंग येतो."

*

हातातलं पुस्तक चांगलं जाडजूड होतं. एक अवकाशयान दुसऱ्या ताऱ्याकडं निघालंय आणि वाट इतकी लांब की निघालेले लोक वाटेतच मरणार, त्यांची नातवंडं-पतवंडं पोचणार. यावर आम्ही जेवढे भांडलो तेवढे कशावरच भांडलो नसू.

"जे मधात जन्मले अन् मधातच मेले, त्याइनं केलं काय जन्मभर?" शालूताईचा प्रश्न. "ना घर पाह्यलं, ना गाव."

गौतमला वेगळीच चिंता. "चढणारा उतरत नाही, उतरणारा चढला नाही. तिकीट कोणाचं फाडाचं?"

काका हातातल्या भागाची उसवलेली कड चाचपत होते. मग म्हणाले, "पुठ्ठा कव्हाही बदलता येते. पुस्तक धरून ठेवते ते मधातले पानं." हे विज्ञान की बाइंडिंग, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

एरवी आठवड्यात भाग संपवणारे आम्ही, या पुस्तकाला मात्र गोगलगायीसारखे झालो. कोणी कोणाशी ठरवलं नव्हतं. शालूताईचे डोळे दुखू लागले. गौतमला एकाएकी जादा ड्यूट्या लागल्या. माझ्या दुकानात परीक्षेच्या झेरॉक्सची गर्दी झाली, तीही परीक्षा नसताना! काका दर रविवारी विचारायचे, "झालं का?" आम्ही मान हलवायचो. "बरं," म्हणायचे आणि चहा मागवायचे.

पण नितीनला फोनवर किती दिवस तेच सांगणार? तो गाडी घेऊन आलाच.

*

रविवार होता. काकांची बॅग गाडीत गेली होती. ते आमचा निरोप घ्यायला दुकानात आले आणि मागोमाग नितीन. तो सगळ्यांशी नीट बोलला, पण नजर घड्याळावर. "उजेडात यवतमाळ गाठायचं आहे," म्हणाला. काका प्रत्येकाची चौकशी करत होते, गौतमच्या पोरीच्या शाळेची, शालूताईच्या तुरीची. शालूताई पदरानं डोळे पुसत होती आणि डोळे दुखतात म्हणत होती.

नितीनला बसायला जागा करून दिली. बाजूला पहिला भाग पडला होता, त्यानं तो सहज उचलला. कॉलेज सुटल्यापासून पुस्तक हातात धरलं नाही म्हणाला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. चहा आला, त्यावर साय धरली. गौतमनं मला कोपर मारलं. दुकानात इतकी शांतता माझ्या आठवणीत कधीच नव्हती.

दिवे लागायच्या सुमारास नितीननं मान वर केली. "पुढचा भाग कुठे आहे?"

"हाय ना," काका म्हणाले.

"मग द्या, गाडीत ठेवतो. पुण्याला गेल्यावर वाचेन."

आम्ही तिघं एकदम ओरडलो, "तुकडा गावाबाहेर जात नाही!"

नितीननं बापाकडं पाहिलं. काकांनी खांदे उडवले. "नियम हाय बाबू. म्याच केला."

"बरं," नितीन म्हणाला. "उद्या सकाळी निघू. रात्रीतून होईल वाचून. किती भाग आहेत एकूण?"

"चारच असते नेहमी," गौतमनं सांगून टाकलं. मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो बाकड्यावरून उठलाच. काकांनी मात्र काही ऐकलं नसल्यासारखं आमच्याकडून उरलेले तिन्ही भाग गोळा केले, पिशवीत टाकले आणि लेकाबरोबर घरी गेले.

सकाळी मी काकांचा दुकानात राहिलेला चष्मा द्यायला गेले. बॅग गाडीतून पुन्हा ओसरीत आली होती. नितीन खाटेवर बसून वाचत होता. हातात तुकडा कसला, जेमतेम सोळा पानं! तेवढ्यात ती संपली. त्यानं ती मिटली, बोटांत धरून तिची जाडी पाहिली आणि उघड्या दारातून आत पाहिलं. आत काका पाटावर बसलेले, डोळ्यांवर जुना चष्मा, मांडीवर शेवटचा भाग आणि हातात दाभण. भोवती पातळ पातळ तुकडे मांडलेले.

नितीननं ती पानं उशाशी ठेवली. फोन काढला, ऑफिसला लावला. "हो, हा आठवडा इथूनच काम करतो," म्हणाला आणि फोन उशीखाली ठेवला.

मग आत हाक मारली, "बाबा, आणखी किती भाग आहेत?"

काकांनी मान वर केली नाही.

"अजून उसवून राह्यलो, बाबू!"