एक जूनचे कवी आणि पोळ्याच्या करीची हौसाबाई

"अप्पा, हे बघा. हाही एक जूनचाच!"

मी पोस्टकार्ड संपादकांच्या टेबलावर आपटलं. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि परत माझ्याकडे ढकललं.

"मग? तो एक जूनला जन्मला, त्यात तुझं काय गेलं?"

"माझं काही गेलं नाही. पण जिल्ह्यातले जवळजवळ सगळे कवी एकाच दिवशी जन्मलेत."

"योगायोग."

"योगायोग कसला डोंबलाचा!"

सत्तरीच्या दशकाची सुरुवात होती. नगरच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे बातमीदाराने आणलेली बातमी कापायची, तिला मथळा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी चूक निघाली की शिव्या खायच्या. पगार बेताचा, पण कवितेचं वेड होतं म्हणून रविवारची पुरवणी माझ्याकडे होती. नव्या वर्षात अप्पांच्या डोक्यात आलं की आपल्या जिल्ह्यातल्या लेखक-कवींचे वाढदिवस छापायचे. ज्याचा ज्या दिवशी जन्म, त्या दिवशी पहिल्या पानावर चौकट. चौकट म्हणजे चारी बाजूंनी रेघ मारून वेगळा केलेला मजकूर. आत फोटो आणि चार ओळींची ओळख. वर्ष संपलं की सगळ्या चौकटींचं मिळून पुस्तक काढायचं, तारखेच्या क्रमाने.

पुस्तकाचं नाव निघाल्यावर जिल्हाभर खळबळ माजली. वर्तमानपत्राची दुसऱ्या दिवशी रद्दी होते, पुस्तक मात्र कपाटात राहतं. मी सगळ्यांना जन्मतारीख कळवायला सांगितलं आणि कार्डांचा पाऊस पडला.

आता एक जूनची भानगड. खेडेगावात वाढलेल्या माणसाला ही सांगायला नको, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. शाळा जूनमध्ये उघडे. पहिलीत घ्यायचं तर पोराचं सहावं संपलेलं हवं. बाप पोराचं बखोट धरून शाळेत येई. मास्तर विचारत, जन्म कधीचा? बाप म्हणे, सुगीच्या टायमाला झालं असंल. मास्तर म्हणत, हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लाव. हात कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं. मास्तर सहा वर्षं मागे जात आणि एक जून लिहून मोकळे होत. असे हजारो लोक एक जूनचे झाले. त्यातले काही पुढे कवी झाले, एवढाच आमचा योगायोग.

अप्पांना हे मी समजावून सांगितलं. ते शहरातले, त्यांची पत्रिका घटका-पळांसकट मांडलेली. त्यांना ते पटलं, पण नियम सोडवेना. "दाखल्यावर जी तारीख, ती आपली तारीख. आपण काय पोरांना पुन्हा जन्माला घालणार आहोत?"

ह्यात एकच बाई अडकली. हौसाबाई.

हौसाबाई जामखेडच्या पुढच्या एका गावातली. शेतकऱ्याची लेक, लग्न गावातच झालेलं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. ती कविता लिहीत नसे, म्हणत असे. तिचा धाकटा भाऊ दगडू गुरुजी त्याच गावात हेडमास्तर होता आणि स्वतः कवी होता. तो बहिणीच्या कविता उतरवून माझ्याकडे पाठवी. "भरली घागर हलकी, रिकामी लई जड" ही तिची ओळ. त्या दोन वर्षांत पाऊस असा रुसला होता की ती ओळ बाजारात, एस.टी.त, कुठेही कानावर पडे. पुरवणीतल्या सगळ्या कवींना एका पारड्यात घातलं असतं तरी मी हौसाबाईचं पारडं वर जाऊ दिलं नसतं. दगडू गुरुजीही हे कबूल करायचा. मोठ्या मनाचा माणूस.

गुरुजीचं कार्ड आलं. स्वतःची जन्मतारीख, अर्थातच, एक जून. खाली लिहिलं होतं, "आक्काची तारीख नाही. काय करावे?"

मी अप्पांकडे गेलो.

"तारीख नाही तर चौकट नाही," अप्पा म्हणाले. "आणि पुस्तक चौकटींचंच आहे."

"अप्पा, तिला वगळून जिल्ह्याच्या कवींचं पुस्तक काढणार? लोक जोड्याने मारतील आपल्याला."

"तारीख आण. छापतो."

एक जून उजाडला. एका चौकटीत चौदा कवी कोंबले. फोटो एकाचाही नाही. त्या काळी फोटो छापायचा तर जस्ताच्या पत्र्यावर त्याचा ठसा करावा लागे. त्याला आम्ही ब्लॉक म्हणायचो. चौदा ब्लॉक एका चौकटीत मावणं शक्य नव्हतं. नुसती नावं दिली, तर पहिलं नाव कुणाचं ह्यावरून आठवडाभर भांडणं झाली. वयाने मोठा तो आधी म्हणावं, तर सालही मास्तरांनीच ठरवलेलं! त्यात कोल्हारच्या एका वाचकाचं पत्र आलं, कवी जन्माला घालायचं लायसन आपल्या जिल्ह्यात फक्त एक जूनलाच मिळतं काय? अप्पांनी ते पत्र फाडलं.

जुलैत सुट्टी काढून मी जामखेडची एस.टी. धरली. पुढे बैलगाडीने गाव गाठलं. दगडू गुरुजी वेशीवरच उभा होता.

"वसंतराव, उगा वणवण कशाला केली? मी हेडमास्तर हाय. आक्काला शाळेत घातल्याचा दाखला करतो. एक जून टाकतो. हाय काय आन न्हाई काय."

मला ते काही वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी तेवढ्यासाठीच गेलो होतो. पण हौसाबाई ओसरीवर बसून ऐकत होती. चाळिशीची बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात निवडायचं सूप.

"मला न्हाई जायचं त्या जत्रंत," ती म्हणाली.

"अगं आक्का, पुस्तकात नाव येतंय."

"यिऊ दे न्हाईतर राहू दे. माझा दिस मला हाय. मी पोळ्याच्या करीची हाय. समद्या गावाला ठावं हाय."

पोळा म्हणजे बैलांचा सण, श्रावणातल्या अमावास्येला. कर म्हणजे सणाचा दुसरा दिवस. मी कान टवकारले. दिवस पक्का होता! पण पंचांगातली तिथी इंग्रजी तारखेला धरून चालत नाही. पोळा एका साली ऑगस्टात येतो, दुसऱ्या साली सप्टेंबरात. साल कळल्याशिवाय तारीख निघत नाही.

"साल कोणतं?"

"ते आबाला इचारा."

आबा म्हणजे तिचा बाप. हौसाबाईच त्यांना सांभाळत होती. गोठ्याच्या दाराशी घोंगडीवर बसले होते. नजर अधू, आवाज खणखणीत. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "आबा, हौसाबाई कोणत्या साली झाल्या?"

"सालबिल मला न्हाई ठावं. हौशी झाली तवा ढवळ्या चार दाती हुता."

मी गुरुजीकडे पाहिलं. तो हसत होता.

"बैलाचं वय दातावरनं कळतं," गुरुजीने समजावलं. "आधी दोन दात पडून नवे येतात, मग चार, मग सहा. आबा समदं बैलांवरच मोजतो."

"मग काय तुज्यावर मोजू?" आबा खेकसले. "घोडेगावच्या बाजारातनं आनला तवा दोन दाती हुता. त्याच्यासाठी म्या दोन दिस चालत गेल्तो. असा बैल पुन्हा झाला न्हाई."

मी पेन्सिल काढली. आबांना आजच्या जोडीपासून मागे नेलं. ही जोडी कधी घेतली? तिच्या आधी कोण? तो किती वर्षं नांगराला चालला? आबा एकेका बैलाचं नाव, रंग, खोड, कुणाकडून घेतला, कशाने मेला, सगळं सांगत होते. एका मारक्या बैलाने कुणाची बरगडी मोडली तेही सांगून झालं. एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे असा हिशेब केला. दोन्ही खेपेला ढवळ्या एकाच साली चार दाती निघाला.

"पण आबा, कर होती हे नक्की ना?"

"नक्की म्हंजे? ढवळ्याच्या शिंगाचा हिंगूळ खरवडत हुतो म्या. आतनं सुईन आली आन म्हनली, लेक झाली. हात लाल हुते माझे. तसाच उटून पोरीला घ्याया गेलो, तर सुईन वराडली, आधी हात धू म्हनून." आबा हसले. मग म्हणाले, "ध्यानात ठिवावं लागलं. कोन लिवनार हुतं तिचं?"

गुरुजीकडून हौसाबाईचा एक फोटो मागून घेतला आणि नगरला आलो तो थेट दिल्ली दरवाज्याजवळच्या एका ज्योतिष्याकडे. त्यांच्याकडे बापजाद्यांच्या काळापासूनची पंचांगं होती. त्यांनी ते साल काढलं, अमावास्येवर बोट ठेवलं, एक दिवस पुढे सरकवलं. एक सप्टेंबर!

अप्पांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"बैलाच्या दातावरून जन्मतारीख? हसतील लोक."

"अप्पा, मास्तराने पोराचा हात कानाला लावून काढलेल्या चौदा तारखा आपण छापल्या. ती तारीख ऑफिसातल्या सोयीची होती. ही त्या बापाच्या डोळ्यांसमोरची आहे. तुम्हाला कोणती खरी वाटते ते सांगा, मी गप्प बसतो."

अप्पा बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले.

"ब्लॉक सांगितलास का पुण्याला?"

"सांगितला."

"मला न विचारता?"

"हो."

"गाढव आहेस. छाप. पण बैलाचा उल्लेख नको."

हा हुकूम मी पाळला नाही. एक सप्टेंबरला पहिल्या पानावर हौसाबाईची चौकट आली. शेजारी दुसरं कुणी नाही. फोटो मोठा, खाली तिची घागरीची ओळ आणि शेवटी ढवळ्याच्या चार दातांची हकिकत. अप्पांनी सकाळी अंक वाचला आणि मला चहा पाजला.

मी अंक घेऊन मिळेल त्या एस.टी.ने निघालो. पोचायला दुपार झाली. हौसाबाईने आधी हात पदराला पुसले, मग अंक घेतला. वाचता येत नसे, पण फोटो ओळखला. "किती तोंड वासलंय म्या," म्हणाली आणि हसली. लगेच पदर डोळ्यांना लावला. मग आबांपाशी जाऊन त्यांचं बोट फोटोवर ठेवलं. "आबा, ही मी. हितं."

"आज का?" आबा म्हणाले. "पोळा तर अजून यायचाय."

इंग्रजी तारीख आणि तिथी ह्यांचा घोळ मी समजावला. त्यांना तो पटला नाही. "तुमी कायबी म्हना. करीलाच पुरन घालीन मी तिला," म्हणाले.

गुरुजीने सगळी चौकट मोठ्याने वाचून दाखवली. शेजारीपाजारी गोळा झाले होते. बैलाचा मजकूर आला तेव्हा आबांनी मांडीवर थाप मारली. गुरुजीचाही चेहरा आनंदाने फुलला होता. वाचून झाल्यावर त्याने अंकाची घडी घातली आणि बापापुढे बसला.

"आबा, मग माझा दिस कुठला? खरा?"

आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. बराच वेळ गोठ्याकडे बघत राहिले. कोणता बैल, कोणता सण, ओठ हलत होते. शेवटी त्यांनी मान हलवली.

"न्हाई बा. तुझा मास्तरानं लिवून घेतला की. लिवल्यालं कोन ध्यानात ठिवतंय?"

गुरुजी हसला, पण ते हसणं ओठांवरच राहिलं. हौसाबाई उठली, भावाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "करीला माज्यासंगं तूबी जेव," म्हणाली.

दिवाळीनंतर पुस्तक निघालं. एक जूनच्या पानावर चौदा नावांची रांग आहे, त्यात दगडू गुरुजीचं नाव मध्ये कुठेतरी. एक सप्टेंबरचं पान हौसाबाईचं एकटीचं.

पुढच्या जूनमध्ये कामानिमित्त जामखेडला गेलो, तेव्हा पुढे गावी जाऊन गुरुजीच्या शाळेत डोकावलो. नाव घालायला आलेल्या बापांना तो परत पाठवत होता. "पोराच्या आयला घिऊन या. आजीला आना. त्याशिवाय तारीख लिवनार न्हाई." बाप वैतागत होते, गुरुजी हटत नव्हता. बाहेर आयांची रांग लागली होती आणि एकेक जण सांगत होती, कुणी नागपंचमीच्या आदल्या दिवशी, कुणी यात्रेत पालखीचा छबिना निघाला त्या रात्री, कुणी ज्वारी हुरड्यात असताना.

त्यातलं कुणी पुढे कवी झालं का, मला ठाऊक नाही. झालं असेल तर निदान त्याला अख्खी चौकट मिळेल.