बारा इंच गारबट

सँडहोमला बर्फ पडत नाही, ही गोष्ट गावात सगळ्यांना मान्य होती. एकट्या डेस्मंड गारबटला नव्हती.

यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं हे गाव. पुढे समुद्र, मागे वोल्ड्सच्या टेकड्या. टेकड्यांवर दर हिवाळ्यात बर्फ पडायचा, मेंढ्या अडकायच्या, रस्ते बंद व्हायचे. खाली सँडहोमला मात्र तोच बर्फ समुद्राची ऊब लागून पाऊस होऊन यायचा. डेस्मंड म्हणायचा, "आपला बर्फ वरून वेळेवर निघतो. फक्त पोचेपर्यंत त्याचं पाणी होतं."

चर्चच्या गल्लीत त्याचं जोडे दुरुस्तीचं दुकान होतं. टाचा बसवायच्या, तळ शिवायचे, किल्ल्या बनवून द्यायच्या, हे काम तो चाळीस वर्षं करत होता. हात जोड्यावर असले तरी डोळे असायचे समोरच्या टपाल कचेरीवरच्या झेंड्यावर. झेंडा समुद्राच्या उलट बाजूला फडकायला लागला, म्हणजे वारा पूर्वेकडून आला, की त्याची हातोडी थांबायची. गिऱ्हाईक एका पायात जोडा आणि एका पायात नुसता मोजा अशा अवस्थेत ताटकळत बसायचं.

हे वेड त्याला लहानपणीच जडलं होतं. त्रेसष्ट सालच्या हिवाळ्यात, सँडहोमला एकदाच बर्फ पडला तेव्हा, तो सहा वर्षांचा होता. एका सकाळी घराचं दार उघडेना, म्हणून बापानं त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीतून उचलून बाहेर ठेवलं. बाहेर अंगण नव्हतंच. कुंपण नव्हतं, कोळशाची खोली नव्हती, शेजारच्या मिसेस हॉगची ती नको तितकी नीटनेटकी बागही नव्हती. सगळं जग कुणीतरी एका रात्रीत पुसून टाकलं होतं, आणि शाळाही. त्या दिवशी त्याला जे लागलं ते सुटलं नाही. कुणाला दारू लागते, कुणाला घोडे. त्याची बायको नोरीन म्हणायची, "घोडे परवडले असते. ते निदान पळतात तरी."

दुकानाच्या खिडकीत तो पूर्वी खडूनं फळ्यावर हवामानाचा अंदाज लिहायचा. दहा वर्षांपूर्वी एका शनिवारी त्यानं लिहिलं, ‘सोमवारी बारा इंच.’ इतकं ठाम लिहिलं की गाव घाबरलं. दुपारपर्यंत पाव संपला, दूध संपलं, आणि मुख्याध्यापकांनी सोमवारची शाळा बंद ठेवली. सोमवारी असं लख्ख ऊन पडलं की बेकरीवाल्या बाईचा नवरा डेस्मंडच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसला आणि त्यानं सावकाश, चवीनं, एक आइस्क्रीम खाल्लं. तेव्हापासून डेस्मंडचं नाव ‘बारा इंच’ पडलं. "काय बारा इंच, छत्री घेऊ का?" असं पोरंसोरंही विचारायची. फळा त्यानं उतरवला, उलटा केला आणि त्याच्या पाठीवर किल्ल्यांचे भाव लिहिले.

आशा मात्र उतरवली नाही. दर शनिवारी बंदरावरच्या चहाच्या दुकानात त्याच्यासारखी आणखी दोन माणसं भेटायची. एक मिस ऑड्री पिकर्सगिल. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या बागेत पांढऱ्या पेटीत तापमापक होता आणि त्या सेंटिमीटर सोडून इंचात बोलणाऱ्याकडे दयेनं बघायच्या. दुसरा तारिक महमूद, टॅक्सीवाला, मूळचा ब्रॅडफर्डचा. बर्फ पडला तर त्याचाच धंदा बसणार, पण तो म्हणायचा, "चाचा, धंदा रोजचाच आहे." तिघं टोस्ट खात आपापल्या फोनमध्ये डोकी घालायची. अमेरिकेतल्या संगणकाचा अंदाज दिवसातून चारदा बदलायचा, युरोपातल्याचा थोडा कमी वेळा, आणि दोघांचं आपसात कधी पटायचं नाही. जो बर्फ दाखवेल तो त्या दिवसापुरता डेस्मंडचा लाडका.

त्या वर्षी डिसेंबर पावसात गेला, जानेवारी धुक्यात. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी अमेरिकन संगणकानं गुरुवारी पहाटेपासून पूर्वेचा गार वारा आणि किनाऱ्यावर बर्फ दाखवला. युरोपियन म्हणत होता, छे, नुसता पाऊस. टीव्हीवरची बाई ‘पूर्वेकडे काही ठिकाणी काही सरी’ एवढंच म्हणाली, म्हणजे ती कशातच अडकायला तयार नव्हती.

"समुद्राचं पाणी सात अंशांवर आहे," मिस पिकर्सगिल म्हणाल्या. "पाऊसच येणार. मी लिहून देते."

"वरची हवा किती गार आहे ते बघा तरी," डेस्मंड म्हणाला.

"वरच्या हवेत कुणी राहत नाही, मिस्टर गारबट."

एरवी अशा शनिवारी डेस्मंड शीळ घालत घरी गेला असता. त्या दिवशी तो टोस्टचा अर्धा तुकडा बशीत तसाच टाकून उठला. तारिकच्या ते लक्षात आलं. "काय झालं चाचा? बर्फ दाखवतायत, आणि तुमचं तोंड असं?"

"गुरुवारी नोरीनचं ऑपरेशन आहे."

नोरीनचा उजवा खुबा कामातून गेला होता. घरापासून दुकानापर्यंतची सात मिनिटांची वाट तिला अर्धा तास पुरायची, आणि मध्ये दोन भिंतींवर टेकायला लागायचं. सांधा बदलायला चौदा महिने ती यादीत होती. आता कुठे तारीख मिळाली होती, गुरुवारी सकाळी सात वाजता, यॉर्कच्या हॉस्पिटलात. तारीख चुकली तर पुढची उन्हाळ्यात. आणि यॉर्कला जायचा रस्ता वोल्ड्सच्या टेकड्यांवरून. तिथे चार इंच बर्फ पडला की तो बंद.

जन्मभर ज्याची वाट पाहिली ते नेमकं त्याच सकाळी येणार होतं, आणि येऊ नये अशी इच्छा करणं त्याला भाग होतं. ते त्याला जमेना. रविवारी चर्चमध्ये तो इतका वेळ डोळे मिटून बसला की नोरीननं कोपरानं ढोसलं. "काय मागतोयस एवढं?"

"काही नाही."

"दोन्ही मागू नकोस. एकच काहीतरी ठरव, म्हणजे वरच्यालाही घोळ नको."

सोमवारी अमेरिकन संगणकानं माघार घेतली आणि युरोपियननं बर्फ दाखवला. मंगळवारी दोघंही गप्प. बुधवारी सकाळी टीव्हीवरच्या बाईनं पावसाचे थेंब काढले. पण त्या दिवशी दहाच्या सुमारास डेस्मंड दुकानाच्या पायरीवर आला, तर टपाल कचेरीवरचा झेंडा आत, गावाकडे ताठ फडकत होता, आणि वाऱ्याला समुद्राचा वास नव्हता. कोरडा, लोखंडासारखा वास होता. त्यानं फोनवर वरच्या हवेचा आकडा पाहिला. उणे अकरा. एका गिऱ्हाइकाचा जोडा तसाच हातात घेऊन त्यानं दुकानाला कुलूप घातलं आणि घरी गेला.

"नोरीन, बॅग भर. आजच निघू. यॉर्कला रात्री कुठेतरी राहू."

नोरीन बटाटे सोलत होती. तिनं त्याच्या हातातला जोडा पाहिला, मग तोंड पाहिलं. "टीव्हीवर पाऊस सांगितलाय."

"माहीत आहे."

"ऑड्रीही पाऊसच म्हणते."

"तेही माहीत आहे. उद्या पहाटे बर्फ येणार. मी चुकलो तर चुकलो."

चाळीस वर्षांत नोरीननं त्याच्या एकाही अंदाजावर विश्वास ठेवला नव्हता. वाळत घातलेले कपडे त्याच्या सांगण्यावरून तिनं कधी आत आणले नव्हते. पण आता तिनं सुरी खाली ठेवली.

"कुठली बॅग? निळी की मोठी?" तिनं विचारलं.

"तुला पटलं?" डेस्मंडलाच धक्का बसला.

"बर्फ पडणार असं रडव्या तोंडानं सांगताना मी तुला पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली. "खरं असल्याशिवाय तू असा दिसणार नाहीस."

दुपारी तारिक त्यांना टॅक्सीनं यॉर्कला सोडून आला. टेकड्यांवरून जाताना डेस्मंड मागच्या काचेतून समुद्राकडे बघत होता. क्षितिजावर ढगांची एक जाड, जांभळट रांग उभी होती. तारिक आरशातून त्याला बघून म्हणाला, "चाचा, मी परत जाऊ ना? म्हणजे, तुमच्या वाटणीचंही बघून ठेवतो." नोरीन म्हणाली, "जा बाबा. आणि त्याला काही सांगू नकोस."

यॉर्कला रात्रभर आभाळ साफ होतं. सकाळी साडेसहाला ते हॉस्पिटलला पोचले तेव्हा रस्ता कोरडा होता, इतका कोरडा की डेस्मंडनं वाकून त्याला हात लावून पाहिला. पुन्हा बारा इंच. सगळं गाव हसणार. मग त्याला आपलीच लाज वाटली. बायको चाकाच्या खुर्चीत, आणि आपण कसल्या काळजीत आहोत.

पावणेसातला फोन वाजला.

"मिस्टर गारबट, मी चुकले," मिस पिकर्सगिल म्हणाल्या. तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नसेल. "पहाटे चारपासून पडतोय. अकरा सेंटिमीटर झालाय. टेकडीवरचा रस्ता पाचला बंद केला."

"कुठे मोजला?" डेस्मंडनं विचारलं.

"माझ्या हिरवळीवर."

"हिरवळीवर नाही मोजायचा. गवतावर पोकळी राहते. माझ्या मागच्या अंगणात लाकडी फळी ठेवलीय, तिच्यावर मोजा. आणि पाय देऊ नका."

"मी भूगोल शिकवलाय," त्या म्हणाल्या, पण गेल्या. दर तासाला त्यांचा फोन येत राहिला.

कागदपत्रं तपासणाऱ्या नर्सनं नोरीनचा पत्ता वाचला आणि मान वर केली. "तुम्ही सँडहोमच्या? किनाऱ्याकडचे आजचे दोन पेशंट पोचलेच नाहीत. तुम्ही कशा आलात?"

"माझ्या नवऱ्याला हवामानातलं कळतं," नोरीन म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही अनोळखी बाईला. डेस्मंड घाईघाईनं बुटाची नाडी बांधायला वाकला. ती सुटलेली नव्हती.

तिला आत नेलं आणि तो खिडकीपाशी बसला. खाली गाड्या लावायची जागा, राखाडी आभाळ, आणि एक कणही नाही. नऊला सोळा सेंटिमीटर. दहाला एकोणीस. "बंदरावरच्या होड्या दिसत नाहीत," मिस पिकर्सगिल सांगत होत्या, आणि त्यांच्या आवाजात त्यांनाही न आवरणारं काहीतरी होतं. "वाऱ्यानं बर्फाचे ढीग लागलेत, तुमच्या कुंपणाचं वरचं टोक तेवढं दिसतंय." डेस्मंड डोळे मिटून ऐकत होता. खिडकीतून बाहेर ठेवलेला सहा वर्षांचा पोरगा त्याला आठवला. तेव्हा बाप मागून म्हणाला होता, "जा की, बघतोस काय?"

अकराला डॉक्टर बाहेर आल्या. ऑपरेशन छान झालं, उद्या उभं करू, म्हणाल्या. डेस्मंडच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होतं असं. किती काळजी करता तुम्ही त्यांची." त्यानं मान हलवली. त्यातलं किती नोरीनसाठी होतं आणि किती त्या कुंपणासाठी, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी रात्री वारा फिरला आणि पाऊस लागला. रविवारी तारिक त्यांना घ्यायला आला तेव्हा टेकड्यांवर बांधांच्या कडेला पांढऱ्या रेघा उरल्या होत्या. सँडहोम हिरवंगार, ओलं. फक्त मासळीच्या दुकानामागे एक काळपट ढीग होता, त्यात कुणाचा तरी हातमोजा अडकलेला. डेस्मंडनं गाडी थांबवायला लावली, उतरला, ढिगाला बोट लावलं आणि परत येऊन बसला. तारिकचे कान लाल झाले होते.

"सांग आता," नोरीन म्हणाली. "नाहीतर फुटशील."

"चाचीच्या चहाच्या ट्रेवर बसून बंदराच्या उतारावरून घसरलो," तारिक म्हणाला. "चारदा. मिस पिकर्सगिल दोनदा."

"माझ्या ट्रेवर?"

"तुम्हीच किल्ली दिली होती, चाची, मांजरासाठी."

त्यानंतर महिनाभर डेस्मंडचा छळ झाला. दुकानात येणारा प्रत्येक जण फोन काढून त्याला बर्फाचे फोटो दाखवायचा. टपाल कचेरीसमोरचा एकच लाल टपालपेटीचा खांब त्यानं साठ वेळा पाहिला असेल, वर पांढरी टोपी घातलेला. "तू असायला हवा होतास," लोक कळवळून सांगायचे. तो टाचेला खिळे ठोकत राहायचा, जरा जोरात.

नाव ‘बारा इंच’च राहिलं. मिस पिकर्सगिलांच्या मोजणीप्रमाणे ते सव्वानऊ होते, पण सव्वानऊ हाकेला बरं वाटत नाही. मात्र विचारण्याचा सूर बदलला. बेकरीवाली बाई एकदा जोडे घेऊन आली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "शनिवारी बहिणीकडे जायचंय. जाऊ का?" मग एक मेंढपाळ आला, मग लग्न ठरलेली एक मुलगी आईला घेऊन. बेकरीवाल्या बाईचा तो आइस्क्रीम खाणारा नवराही आला, पण त्यानं पाऊस विचारायच्या आधी उगाचच एक किल्ली बनवून घेतली. डेस्मंडला रात्री झोप लागेना. पूर्वी तो मनात येईल ते छातीठोक सांगायचा. आता बोलताना ‘साधारण’, ‘बहुतेक’, ‘काही ठिकाणी’ असले शब्द तोंडात यायला लागले.

"टीव्हीवरच्या बाईसारखा बोलायला लागलास," नोरीन म्हणाली. "आता मला तिची दया येते."

मार्चच्या तिसऱ्या रविवारी दोघं बंदरावर फिरायला गेली. नोरीनच्या हातात एकच काठी होती, तीही डॉक्टरांचं मन राखायला. परतताना वारा एकदम गार झाला आणि पावसात काहीतरी पांढरं मिसळलं. कुठल्याच संगणकानं ते सांगितलं नव्हतं. डेस्मंड जागच्या जागी थांबला. त्याच्या काळ्या कोटाच्या बाहीवर एक कण बसला, क्षणभर राहिला आणि विरघळला. मग दुसरा. नोरीनचे केस भिजत होते, पण ती चल म्हणाली नाही. भिंतीला टेकून ती त्याच्या बाहीकडे बघत राहिली.

अकरा मिनिटं चाललं. मग नुसता पाऊस.

"बर्फ पडला असं धरायचं का हे?" नोरीननं विचारलं.

"नियमाप्रमाणे धरतात," डेस्मंड म्हणाला, आणि दोघं चहा प्यायला घरी गेली.